इतिवृत्ताच्या वहीचा जळफळाट

“‘सविस्तर चर्चा होऊन’ म्हणे! कसली डोंबलाची चर्चा? पाऊण तास पंख्यावरून भांडले. एकाला घाम, दुसऱ्याला सर्दी. आणि लिहायचं काय, तर सविस्तर चर्चा!”

हे पुटपुटणं माझ्या इतकं जवळ चाललं होतं, की बोलणारीच्या दाढेखालच्या लवंगेचा वास माझ्या पानाला लागला. पुटपुटत पुटपुटतच तिनं शाईचं पेन टेकवलं आणि टपोऱ्या, सरळ अक्षरांत लिहिलं : ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’ मग फुंकर घालून शाई वाळवली. त्या फुंकरीची मी महिनोन् महिने वाट बघत असे.

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. पण साधीसुधी नव्हे. नाशिकच्या इंदिरानगरात आमची शाळा आहे. ती शाळा चालवणारं एक मंडळ आहे. त्या मंडळाच्या सभांचं इतिवृत्त, म्हणजे सभेला कोण आलं, काय ठरलं, कुणी सुचवलं आणि कुणी अनुमोदन दिलं, हे सगळं माझ्यात लिहितात. सगळे मला ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. माझी पानं चारशे. त्यांतली तीनशे एक्क्याऐंशी भरली आहेत.

माझा जन्म भद्रकालीतल्या गेणू बाइंडरच्या दुकानात झाला. गेणूनं माझी पानं जाड दोऱ्यानं शिवली, पाठीला लाल कापड लावलं आणि खळीत चिमूटभर मोरचूद कालवलं. “आता शंभर वर्षं किडा लागायचा नाही,” असं तो म्हणाला. खरंच, किडा लागला नाही. मला मत्सर लागला. त्याच्यावर मोरचूद चालत नाही.

मंडळाचे सचिव कारभारी अण्णा. गणिताचे शिक्षक म्हणून आयुष्य गेलं, आता सत्तरी ओलांडली आहे. मला दुकानातून काखेत मारून त्यांनीच आणलं. माझी पहिली काही पानं त्यांच्या हातची आहेत. खोटं कशाला बोलू, अक्षर वाईटच होतं. त्यात त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. चौथ्या सभेच्या वेळी पेन असं थरथरलं की माझ्या बाराव्या पानावर करंजीएवढा डाग पडला. अण्णा त्या डागाकडे बघत बसले. मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकाजवळच्या फळ्यावर शाळेची सेविका भिमाबाई खडूनं रोजचा सुविचार लिहीत होती.

भिमाबाई दहावी झालेली होती. लहानपणी वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत ती शिकली. जयंतीचे फलक रंगवताना तिचं अक्षर घडलं. कुणी शिकवलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या बघून बघून तिनं स्वतःच हात वळवला होता.

अण्णांनी हाक मारली, “भिमे, इकडं ये. एवढं उतरवून दे. आणि हे बघ, चारचौघांत बोलायची गरज नाही.”

“मी कशाला बोलू, अण्णा?” ती म्हणाली, आणि हात पदराला पुसून माझ्यासमोर बसली.

ते ‘एवढं’ वीस वर्षं पुरलं.

मी तिला अगं-तुगं करते, ते बारक्या नोकरीतली बाई म्हणून नव्हे. ती माझी आहे, असं मी धरून चालले होते. तिथंच माझं चुकलं. पण ते पुढं येईल.

आधी मला जिचा राग यायचा तिच्याबद्दल सांगते. ती म्हणजे कच्ची वही. सभा चालू असताना भिमाबाई दाराजवळ स्टुलावर बसायची, मांडीशी चहाचा थर्मास घेऊन. कुणाला वाटावं, ती कप गोळा करायची वाट बघते आहे. पण तिच्या मांडीवर एक वही असायची. कुठल्या तरी पोरानं वर्षअखेर वर्गात टाकून दिलेली, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली, दोन्ही कोपरे चघळलेली. त्या भिकार वहीत भिमाबाई सगळं खरं लिहायची. ‘बहिरूशेठ म्हणाले, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, ती आधी लावा, मग गॅदरिंगचं बोला. अण्णा म्हणाले, हा विषय विषयपत्रिकेत नाही. बहिरूशेठ म्हणाले, मग पोरींनी विषयपत्रिका धरून बसायचं का आत?’

आणि दुसऱ्या दिवशी माझ्यात काय यायचं? ‘भौतिक सुविधांबाबत सविस्तर चर्चा झाली.’

उतरवताना भिमाबाई त्या कच्च्या वहीकडे बघून खुदकन हसायची. माझ्याकडे बघून कधी हसली नाही. माझ्यासमोर ती पाठ ताठ करून बसायची, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी. लाल कापड माझ्या अंगावर, पानांवर आकडे छापलेले, मुक्काम कुलपाच्या कपाटात. आणि जीव लावलेला त्या चघळलेल्या कोपऱ्यांवर. माझा किती जळफळाट झाला असेल, तुम्हीच सांगा.

कौतुक मात्र माझ्या वाट्याला खूप आलं. तपासणीला साहेब आले की मला टेबलावर ठेवत. साहेब पान उलटत आणि म्हणत, “वा! काय अक्षर आहे! सचिवांचं का?” अण्णा घसा खाकरत. नाही म्हणत नसत, हो म्हणत नसत. नुसता चष्मा पुसत. त्या वेळी भिमाबाई बरोबर पाणी आणायला बाहेर गेलेली असे. ती मुद्दाम जायची की कुणी पाठवायचं, ते मला कधी कळलं नाही.

मंडळातल्या बाकीच्यांना ठाऊक नव्हतं असं समजू नका. सभासद बहिरूशेठांचं द्वारका चौकात नळ-फरशीचं दुकान आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या चारशे पत्रिकांवर नावं भिमाबाईनंच घातली होती. तेच अक्षर माझ्यात बघून ते सही करत. करताना मिशीत हसत, आणि सही झाली की म्हणत, “अण्णा, तुमचं अक्षर लय सुधारलं बरं का म्हातारपणी.” सगळे हसत. अण्णाही हसत. बोलत मात्र कुणी नसे. गोष्ट सगळ्यांना माहीत असली की ती बोलायचं काम प्रत्येक जण दुसऱ्यावर सोडतो.

पुढं माझा मत्सर वाढण्यासारखं आणखी एक घडलं. भिमाबाईनं मुक्त विद्यापीठात नाव घातलं. पदवीची पुस्तकं पिशवीत घालून ती शाळेत आणायची. दुपारच्या सुट्टीत कार्यालय रिकामं असलं की मला टेबलावर आडवी ठेवायची, माझ्यावर आपलं पुस्तक उघडायची आणि वाचत बसायची. म्हणजे मी खाली, पुस्तक वर! मला उशाला घेऊन दुसऱ्याशी गप्पा मारल्यासारखंच ते. सहा वर्षं हे चाललं. एका विषयात ती दोनदा नापास झाली. तेव्हा मला बरं वाटलं होतं. कबूल करते.

शेवटी ती पास झाली. गुणपत्रिका सुरळी होऊन आली होती, ती सरळ व्हावी म्हणून तिनं माझ्या पानांत दाबून ठेवली. शाळेत कुणाला पेढा दिला नाही. मीच तिला विचारलं असतं, का गं? पण मला तोंड नाही. माझ्यात जे लिहितात तेवढंच मला बोलता येतं.

गेल्या वर्षी मंडळाला नव्या अध्यक्ष मिळाल्या. उज्वलाताई त्यांचं नाव. सरकारी इस्पितळात मेट्रन होत्या, नुकत्या निवृत्त झाल्या. त्यांना सगळं वेळेवर आणि लिहिलेलं लागतं. पहिल्याच सभेत त्या म्हणाल्या, “सभेची नोटीस सभेच्या आदल्या दिवशी मिळते, हे कसं काय? पेशंट गेल्यावर औषध आणायचं का?”

बहिरूशेठ म्हणाले, “ताई, मला तर नोटीस मिळती ती सभा चालू असताना. मोबाइलवर फोटो येतो. मी इथं बसलेलो, आणि खिशात नोटीस वाजती.”

“मंडळाला स्वतःचा लिपिक पाहिजे,” उज्वलाताई म्हणाल्या. “नोटिसा, पत्रं, ऑनलाइन माहिती, इतिवृत्त, सगळं बघणारा. अण्णा, या वयात तुम्ही हे असं मोत्यासारखं लिहिता. मला तर लाज वाटते तुम्हाला कामाला लावायची.”

“नको नको, चाललंय की,” अण्णा म्हणाले.

“चाललंय कुठं? तुमच्या हाताला विश्रांती नको?”

त्या ‘हाताला’ म्हणाल्या आणि बहिरूशेठांनी चटकन दाराकडे पाहिलं. मग पंख्याकडे. मग एक बिस्किट उचललं आणि बुडवायला चहा नाही हे लक्षात आल्यावर कोरडंच खाल्लं.

ठराव झाला. दुसऱ्या दिवशी भिमाबाईनं तो माझ्यात उतरवला : ‘मंडळाच्या कामकाजासाठी एक लिपिक नेमण्यात यावा. पात्रता : कोणत्याही शाखेची पदवी, संगणकावर मराठी टंकलेखन, सुवाच्य अक्षर, इतिवृत्त लेखनाचा अनुभव असल्यास प्राधान्य. अर्ज उमेदवाराच्या हस्ताक्षरात असावा.’

‘पदवी’ लिहून ती जरा थांबली. ‘अनुभव’ लिहून आणखी थांबली. पेन उचललं, माझ्याकडे बघितलं, आणि हसली. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून. मी सुखावले. मला वाटलं, आता कुठं हिला माझी किंमत कळली. मी किती वेडी! ती माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या ओळीकडे बघत होती.

दुसऱ्या आठवड्यापासून एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. दुपारी कार्यालयात कुणी नसलं की ती मला मिटून समोर ठेवायची आणि दहा बोटांनी माझ्या लाल कापडावर टकटक करायची. डोळे समोर भिंतीवर. ओठ हलताहेत. आधी मला वाटलं, अंगात वारं आलं की काय. मग उलगडलं. बाई घराजवळच्या टंकलेखनाच्या वर्गाला जात होती आणि माझ्या पाठीवर सराव करत होती! संगणक घरी नाही, म्हणून मला संगणक करून टाकलं होतं.

तुम्ही कधी असं कुणाच्या मायेला भुकेलेले राहिला आहात का, की त्याचा हात अंगावर फिरतो आहे, पण मनात दुसरंच कुणी आहे? मी तशी राहिले आहे. रोज दुपारी, दीड ते दोन.

आणि मला भीतीही होती. उज्वलाताई म्हणाल्या होत्या, लिपिक आला की इतिवृत्त संगणकावर करून छापील कागद फाइलला लावू. म्हणजे भिमाबाई लिपिक झाली, तर ती त्या दिव्याच्या डब्यासमोर बसणार. मी कपाटात. तीनशे एक्क्याऐंशीवर थांबलेली. उरलेली एकोणीस पानं कोरी. ती सेविकाच राहिली तर? तर कदाचित चोरून का होईना, ती माझीच राहील. असला हलका विचार मी केला. माझ्या लाल कापडाला तो शोभला नाही.

अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी भिमाबाईनं अर्ज लिहिला. एकरेघी कागद माझ्यावर ठेवून लिहिला, त्यामुळे शब्द न् शब्द माझ्या पुठ्ठ्याला लागला. नाव, पत्ता, पदवी, टंकलेखनाचा वेग. मग ‘अनुभव’ या रकान्याशी ती अडली. वीस वर्षं इतिवृत्त लिहिते, असं लिहावं तर अण्णा उघडे पडतात. न लिहावं तर तिच्यापाशी दाखवायला काय उरतं? पेनाचं टोपण तिनं चार वेळा घातलं, चार वेळा काढलं. शेवटी लिहिलं : ‘मंडळाच्या सभांच्या कामाची वीस वर्षांची माहिती आहे.’

माहिती! भिमाबाईच्या हातची मी आजवर पुष्कळ थातूरमातूर वाक्यं अंगावर घेतली, पण हे वाक्य तिला सगळ्यांत महाग पडलं.

आमच्याकडे एक रीत आहे. अण्णांच्या सहीचे कागद माझ्यात ठेवतात, जिथं रिबिनीची खूण असते त्या पानात. अण्णा मला उघडतात, खूण काढतात, सही करतात. वाचत नाहीत. भिमाबाईच्या हातचं असलं की वाचायची गरज नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा विश्वास. तर तिनं अर्ज त्या पानात ठेवला. तोंडानं सांगायचा धीर झाला नाही, म्हणून माझ्या हाती दिला.

अण्णा आले. बसले. मला उघडलं. पेन सहीला टेकवलं, आणि पहिल्यांदाच वाचलं. सगळं वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. त्यांचा हात माझ्या पानावर होता. मला वाटलं, आता हाक मारतील. आता म्हणतील, भिमे, कधी झालीस गं पदवीधर?

त्यांनी अर्जाची घडी घातली, माझी शेवटची कोरी पानं उघडली, तिथं तो सरकवला आणि मला मिटून टाकलं.

मित्रांनो, मला आनंद झाला. जे घडलं तेच लिहायचं, असं मी आता ठरवलं आहे, म्हणून हेही सांगते. मी पानं घट्ट आवळून घेतली. म्हटलं, बरं झालं. राहिली. माझी राहिली.

दोन दिवसांनी टेबल पुसता पुसता भिमाबाई म्हणाली, “अण्णा, वहीत एक कागद होता.”

“कुठला कागद?” अण्णा वर न बघता म्हणाले.

तिनं पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं.

“काही नाही. असाच होता.”

“हं. आणि हे बघ, तिघांना मुलाखतीला बोलवायचं ठरलंय. पाकिटांवर नावं घाल. अक्षर चांगलं येऊ दे.”

तिनं तीन पाकिटांवर तीन नावं घातली. चांगल्या अक्षरात. तिसऱ्या पाकिटाला डिंक लावताना तिच्या हातून बाटली कलंडली आणि माझ्या कापडावर ओघळ आला. एरवी तिनं ओल्या फडक्यानं टिपून घेतलं असतं, “लागलं का गं?” असंही म्हणाली असती, कारण एकटी असली की ती असं बोलायची. त्या दिवशी तिनं ते तसंच राहू दिलं. माझ्या आनंदाला तेव्हा पहिली कसर लागली.

मुलाखतीचा दिवस शनिवार. तिघांतला एक उमेदवार आलाच नाही. टेबलाच्या एका बाजूला उज्वलाताई, बहिरूशेठ आणि अण्णा. भिमाबाई नेहमीसारखी दारात, ट्रे घेऊन. मी टेबलाच्या मधोमध.

उज्वलाताईंनी परीक्षा साधीच ठेवली होती. “आम्ही पाच मिनिटं सभा घेतल्यासारखं बोलतो. तुम्ही त्याचं इतिवृत्त लिहा. नमुना हवा तर ही वही बघा. याच्याहून चांगला नमुना तुम्हाला सापडणार नाही.”

पहिला आला सार्थक. मंडळातल्याच कुणाचा तरी भाचा, केस चोपून बसवलेले. त्यानं मला उघडलंच नाही. भराभर लिहिलं आणि कागद पुढं केला. बहिरूशेठांनी तो मोठ्यानं वाचला : “‘बहिरूशेठ म्हणाले, पंखा बंद करा राव, माझी मान धरली. अध्यक्ष म्हणाल्या, तुम्ही खुर्ची बदला.’ आरं पोरा, हे लिहित्यात का?”

“तुम्ही बोललात ना?” सार्थक म्हणाला.

“बोललो की. बोलायचं एक आणि लिहायचं एक असतं, बाबा. आमची प्रोसिडिंग बघितली असती तर समजलं असतं. वीस वर्षांत त्यात एकदा पंखा आला असंल तर सांग.”

उज्वलाताईंना हसू आवरेना. दारात भिमाबाईचे कपही किणकिणले. अण्णा तेवढे हसले नाहीत.

दुसरी संजना. इगतपुरीहून आलेली, पंचविशीची. तिनं मात्र मला ओढून घेतलं. पान उलटायला बोटाला थुंकी लावली नाही, कोपरा चिमटीत धरून हळूच उलटलं. आणि ती वाचू लागली. एक पान, चार पानं, दहा पानं. मला वाचणारं माणूस इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं. सह्या करणारेच मिळाले. तरी माझा जीव तिच्याकडे नव्हता. दारात भिमाबाई उभी होती आणि त्या पोरीच्या बोटांकडे बघत होती. काय ती नजर! मला ती नजर लगेच ओळखता आली, कारण मी तिच्याच कच्च्या वहीकडे वीस वर्षं अशी बघत आले. आपलं दुसऱ्याच्या हातात गेलेलं बघणारी नजर.

संजना म्हणाली, “सर, हे सगळं तुम्ही लिहिलंत?”

अण्णांनी चष्मा काढला. पुसून परत घातला.

“मी लागले, तर तुमच्या हाताखाली शिकायला मिळेल ना? हे अक्षर, आणि ही भांडणं असली तरी न दुखवता लिहायची पद्धत. मला हे येत नाही. पण शिकेन.”

“शिकवतील की,” उज्वलाताई कौतुकानं म्हणाल्या. “अण्णा, तुमचा हात नाही म्हटलं तरी थकला आहे. पण एक ओळ लिहून दाखवा हिला. नव्या पिढीला कळू दे.” आणि त्यांनी मला अण्णांच्या पुढ्यात सरकवलं. तीनशे ब्याऐंशीवं पान, कोरं. स्वतःचं पेनही त्यांनी टोपण काढून दिलं.

बहिरूशेठांनी पंख्याकडे बघितलं. बाहेर मैदानावर पोरं कवायतीचे आकडे ओरडत होती.

अण्णांनी पेन हातात घेतलं. ते माझ्या पानापासून वीतभर वर आलं, आणि तिथंच थरथरत राहिलं.

“ताई,” दारातून भिमाबाई म्हणाली, “अण्णांचा वाचायचा चष्मा घरी राहिलाय. त्यांना जवळचं दिसत नाही आज. मी चहा आणते.”

त्याही वेळी! तिचा अर्ज ज्यानं दाबला त्यालाच ती झाकत होती. आणि चष्मा तर अण्णांच्या डोळ्यांवर होता.

मित्रांनो, तेव्हा मला माझी लाज वाटली. मी आणि अण्णा, आम्ही दोघांनी एकच केलं होतं. ती आपल्याजवळ राहावी म्हणून तिला वाढू दिलं नाही. याला मी माया म्हणत होते. अण्णा काय म्हणत होते, देव जाणे. तुम्हाला एवढंच सांगते. वह्या जपा, ते चांगलंच आहे. पान दुमडू नका, ओल लागू देऊ नका. पण माणसाला जपणं वेगळं असतं. माणूस कुलपात ठेवून टिकत नाही. आणि ज्यानं काम केलं त्याचं नाव घ्या. चारचौघांत घ्या, मोठ्यानं घ्या. वहीत नंतर आलं तरी चालेल.

बहिरूशेठ खुर्चीत चुळबुळले. “अण्णा,” ते हळूच म्हणाले, “आता तुम्ही बोलताय का मी बोलू?”

अण्णांनी पेन टेबलावर ठेवलं. डाव्या हातानं उजवा हात धरला, आणि भिमाबाईकडे वळून म्हणाले, “ट्रे ठेवा तो खाली, भिमाबाई. या, इथं बसा.”

ती हलली नाही. अण्णा खुर्चीवरून उठले. उज्वलाताईंकडे बघून ते बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज मात्र थरथरत नव्हता.

“ताई, या वहीतली बारा पानं माझी. बाकी सगळी यांची. मी फक्त सही करत आलो. यांचा अर्ज वेळेत आला होता, पदवीसकट. तो मी दाबला. मला यांचा हेवा वाटत होता.”